डोळ्याची सही

माझ्या वहीत रोहिणीचं नाव पहिल्यांदा येतं ते एका ब्लाऊजपीसच्या निमित्तानं. देवपूजा उरकली की चहाआधी मी रोज पाच-सात ओळी लिहिते. त्या दिवशी लिहिलंय, ‘उमरग्याला मॅचिंगच्या दुकानात गेलो. तिथली रोहिणी नावाची मुलगी हुशार वाटली.’ पुढं याच वहीत तिच्याबद्दल काय काय लिहावं लागणार आहे ते ठाऊक असतं, तर हुशार हा शब्द मी जपून वापरला असता.

भाचीच्या लग्नासाठी मोरपंखी साडी घेतली होती आणि तिचा ब्लाऊज कुठंच जुळत नव्हता. दुकानात रोहिणीनं साडीचा पदर हातात घेतला, मागं वळली आणि दोनतीनशे गठ्ठ्यांतून एक अचूक ओढून काढला. मी म्हटलं, हाच. तर ती म्हणाली, “ताई, हितं ट्यूबलाईटखाली दोन्ही एकच दिसायलंय. जरा पायरीवर या.” पायरीवर, दुपारच्या उन्हात, तोच कपडा साडीशेजारी निळा पडला. मग तिनं आतून दुसरा आणला. तो आतल्या उजेडात अगदी विजोड दिसत होता आणि उन्हात मात्र साडीतच विणल्यासारखा.

सोबत आमचे हे होते. यांचं नाव रणधीर. एरवी अशा दुकानात बाहेरच उभे राहून फोन बघणारा माणूस, पण त्या दिवशी पायरीवर येऊन दोन्ही कपडे पुन्हा पुन्हा बघत राहिले. परतीच्या एसटीत नळदुर्गाकडचे डोंगर दिसायला लागले. मग म्हणाले, “ह्या पोरीचा डोळा आपल्या कामाचा हाय.” मी खिडकीतून बाहेर बघत होते. पायरीवरचा फरक मलाही दिसला होता. ते कुणी विचारलं नाही.

यांचं काम काय ते सांगितल्यावर नवखा माणूस हसतो. आमचं अणदूर हायवेच्या काठचं गाव, इथून समुद्र म्हणजे एसटीनं अख्खी रात्र लांब. आणि हे काम करतात बोटीचं. एकोणीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. जिन्यावरून पडून कंबर दुखावली तेव्हा घरी आले. बोट चालवणाऱ्यापुढं एक मोठा स्क्रीन असतो, त्यावर समुद्राचा नकाशा. खोल पाणी पांढरं, उथळ पाणी निळं, जमीन पिवळसर. निळ्यात शिरायचं नाही, पांढऱ्यातून जायचं, असा एकूण हिशेब. स्क्रीन जुना झाला की रंग उतरतात, एकमेकांच्या जवळ येतात, आणि पांढरं कुठं संपलं, निळं कुठं सुरू झालं हे कळेनासं होतं. मुंबईची एक कंपनी असे स्क्रीन बोटीवरून उतरवून लाकडी खोक्यांत पाठवते. हे त्यांचे रंग जागेवर आणतात आणि कागद करून परत पाठवतात.

घरामागं आमची कडब्याची खोली होती. तिला आतून राखाडी रंग दिला, खिडकीला काळा पडदा लावला. रंगीत भिंत असली तर तिची झाक स्क्रीनवर पडते म्हणे. अंगावरच्या कपड्याचीही पडते. म्हणून आत जाताना राखाडी कोट घालायचा. माझ्या साड्या लाल, हिरव्या, हळदी. आठ वर्षांत मी त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत चहा नेला. काम चालू असताना आत गेले नाही, मला कुणी बोलावलं नाही.

महिन्याभरात रोहिणी आमच्याकडं कामाला लागली. तिचं सासर आमच्याच गावात, संघपाल लाईनमन आहे त्याची ती बायको. उमरग्याची रोजची एसटी वाचली म्हणून तिला बरं, आणि यांना डोळा मिळाला म्हणून यांना बरं. आता घरामागंच असायची, म्हणून तिच्या तोंडी मी ताईची वहिनी झाले. पहिल्या दिवशी ती स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आली. मी ‘अगं, घरात पाणी आहे’ असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ती बौद्धवाड्यातली, आम्ही देवाचे मानकरी, आणि मी गप्प राहिले यात जे आलं ते आलं. आजही ती बाटली आणते.

तिची माहिती मी थोडी थोडी काढत गेले, चहाच्या वेळी, ओट्यावर. माहेर माकणीचं. वडील गुलाब धरणाच्या कामावर रोजंदारीनं होते. बांधावर नेऊन ते तिला पाणी दाखवायचे, जिथं पाणी फिक्या चहासारखं तिथं उभं राहता येतं, जिथं काळपट तिथं पाय घालायचा नाही. आई चांगुणा वाकळा शिवते. बोचकंभर जुन्या कपड्यांतून तुकडे निवडायचं काम लहानपणापासून रोहिणीकडं. ती म्हणाली, “वहिनी, पांढऱ्यात सात पांढरे असत्यात. धोतराचं येगळं, चादरीचं येगळं, मळून धुतल्यालं येगळं.” शाळेत चित्रकलेत कधी नंबर आला नाही तिचा. चित्र काढता येत नाही, फक्त रंग कळतो. कॉलेजची दोन वर्षं केली, मग लग्न, मग मॅचिंगचं दुकान. सरळ साधी गोष्ट. माझीही अशीच आहे, फक्त माझ्या गोष्टीत कुणी पायरीवर येऊन थांबलं नाही.

शेजारच्या पार्वतम्माला भलताच घोर लागला होता. ती कुंपणावरून म्हणाली, “अंधाऱ्या खोलीत दार लावून दोघं काय बघतात गं?” मी म्हटलं, समुद्र बघतात. ती हसली. खरं सांगायचं तर मला तो संशय नव्हता. तसा असता तर सोपं होतं, भांडले असते, देवापुढं रडले असते, माहेरी गेले असते. मला जळायला होत होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. माझा नवरा तिच्याशी बोलत होता. वीस-बावीस वर्षांत मला बोटीतलं काही सांगायचं तर ‘तुला न्हाय कळायचं’ इथून सुरुवात. आणि आता पडद्याआडून यांचा आवाज ऐकू यायचा, समजावून सांगणारा, मध्येच हसणारा, मऊ. दिवसाचे रंग, तिन्हीसांजेचे रंग, रात्रीचे रंग, तिन्ही कसे वेगळे मोजायचे. रात्रीच्या रंगात एक खूण असते, काळ्या चौकटीत काळाच चौकोन. तो लख्ख दिसला तर चूक, अजिबात दिसला नाही तरी चूक. जेमतेम दिसायला हवा. मी दाराबाहेर कपबशी धरून ऐकायची आणि मनात म्हणायची, जावेच्या पोटात काय आहे ते ओळखणाऱ्या बाईला हे काय अवघड आहे.

कागदावर दोन सह्या लागायच्या. पहिली रंग मोजणाऱ्या मीटरच्या मापाची, ती यांची. दुसरी डोळ्याची. माप बरोबर आलं तरी माणसाच्या डोळ्याला स्क्रीनवरच्या रंगांचे वीसच्या वीस चौकोन वेगळे दिसतात की नाही ते पाहून करायची. आधी दोन्ही हेच करायचे. आषाढात डोळ्याची सही रोहिणीकडं गेली. ‘सौ. रोहिणी’ असं टाईप केलेलं आणि त्यावर तिची गोल गोल सही. घरातल्या टेबलावर तो कागद बघितला त्या दिवशी मी वहीत फक्त तिथी आणि वार लिहिला.

श्रावण संपता संपता मुंबईहून आठ स्क्रीन आले. सगळे एकाच मोठ्या बोटीचे. कंपनीनं कळवलं की हे आठ नीट गेले तर वर्षभराचं काम तुमच्याकडं, आणि तुमच्या त्या बाईंना मुंबईला पाठवा, गोदीत बोटीवर चढून जागेवरच स्क्रीनचे रंग लावायचं शिकवू. हे सांगताना यांचा चेहरा असा उजळला होता की आमच्या मुलाला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हाही तसा उजळला नव्हता. रोहिणीनं नुसतं “बरं सर” म्हटलं. पण संध्याकाळी घरी जाताना ती फाटकाशी थांबून एकटीच हसली. मी ओट्यावरून पाहिलं.

आमच्या घरी खंडेनवमी मोठी. विळा, कुऱ्हाड, कोयता, जातं, यांची हत्यारं, सगळ्यांची पूजा. यंत्र चालतं ते देवाच्या कृपेनं, त्याला वर्षातून एकदा हात जोडायला काय जातं? रोहिणी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रजेवर होती. तिच्याकडं दसऱ्याला धम्मचक्राचा दिवस असतो, घरादारानं विहारात जायचं असतं. आमचे हे सोलापूरला सामान आणायला गेले होते. खोली पुसायची म्हणून किल्ली मला दिली होती, आणि बजावलं होतं की काचेला हात लावायचा नाही. त्यांना म्हणायचं होतं स्क्रीनची काच.

मी पाट मांडला. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, तारा, चिकटपट्टी, सगळं ओळीनं ठेवलं. आणि मधोमध तो मीटर. वाटीएवढा, काळा, तोंडाला मखमलीची कड, आत खोलवर नखाएवढी काच. याच काचेनं तो रंग बघतो हे दाराबाहेर ऐकून ऐकून मला पाठ होतं. हळदीकुंकू सगळ्यांना लावलं. मग वाटलं, हा तर डोळा. खंडोबाचा भंडारा आहे, डोळ्याला लागला तर नजर चांगली राहील. करंगळी पाण्यात बुडवली, भंडाऱ्यात टेकवली आणि त्या काचेला लावली. मनात काही वाईट नव्हतं. तेवढं मी शपथेवर सांगते, कारण पुढचं तसं सांगता येणार नाही.

आरती झाल्यावर कुंकू पुसलं. काचेवरचं पदराच्या टोकानं टिपलं. टिपलं म्हणजे पसरवलं. वरवर बघता स्वच्छ झालं, मी मीटर डबीत ठेवला, कुलूप लावलं.

दसऱ्यानंतर आठही स्क्रीनचं माप सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन गेले तर आत पहिल्यांदाच रोहिणीचा आवाज चढलेला. ती म्हणत होती की स्क्रीन निळे पडलेत. यांचं म्हणणं, मीटर बरोबर सांगतोय. ती म्हणाली, मग मीटरला एकदा तपासा. हे म्हणाले, श्रावणात तपासून आलाय, त्याचा कागद आहे. आठच्या आठ स्क्रीन चुकीचे आणि तुझा एक डोळा बरोबर, असं कसं? दोन दिवस उन्हात गर्दीत फिरलीस, डोळे दमलेत तुझे.

मी चहा ठेवला आणि परतले. ओट्यावर येऊन बसले. मला बरं वाटत होतं. इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सगळी मापं पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उमरग्याचा ईरण्णा टेम्पो घेऊन खोकी न्यायला येणार होता. यांनी आठ कागद छापले, आपल्या सह्या केल्या आणि रोहिणीपुढं ठेवले. ती म्हणाली, मी सही करणार नाही. हे समजावत राहिले, मग चिडले. ती कागदावर हात ठेवून बसून राहिली. शेवटी यांनी पडदा सारला आणि मला हाक मारली.

“हा कोट घाल आणि आत ये. तू सांग.”

आठ वर्षांत पहिल्यांदा. रोहिणीनं आपल्या अंगातला राखाडी कोट काढून माझ्या हातात दिला. तो ऊबदार होता, तिच्या साबणाचा वास येत होता. मी तो साडीवरून घातला, बटणं लावली, आणि अंधारात यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. समोर समुद्र होता. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. नकाशातला तो पहिलाच.

मला एका नजरेत कळलं. जे पाणी पांढरं असायला हवं, ते नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं दिसत होतं. आयुष्यभर पांढरे कपडे धुतले, नीळ किती घालायची आणि जास्त झाली की कसं दिसतं हे मला कुणी शिकवायला नको. खोल पाणी आणि उथळ पाणी सख्ख्या बहिणींसारखं झालं होतं. रोहिणीचं खरं होतं. अगदी शंभर टक्के खरं होतं.

यांनी विचारलं, “काय दिसतंय? पांढरं हाय का न्हाय?”

“पांढरंच हाय की,” मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत होती. अंधारात चेहरा दिसत नव्हता, बघणं कळत होतं.

यांनी तिथल्या तिथं कागद पुन्हा छापले. रोहिणीच्या नावाच्या जागी माझं नाव. मी आठ ठिकाणी सही केली. लग्नाच्या रजिस्टरनंतर इतक्या मन लावून सही कधी केली नव्हती. हे रोहिणीला म्हणाले, दोन दिवस घरी आराम कर, मग बघू. मुंबईचंही मग बघू. तिनं डोकं हलवलं, बाटली उचलली आणि गेली. कोट माझ्याच अंगात राहिला. फाटकापर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा मला धस्स झालं. पण तिला फक्त कोट हवा होता. धुवून आणते म्हणाली.

संध्याकाळी जेवताना हे माझ्याशी बोलत होते. स्वतःहून, तोच मऊ आवाज, जो मी दाराबाहेरून ऐकायची. भाकरी मोडता मोडता म्हणाले, एक मात्र गंमत हाय. या बारीला आठही स्क्रीन मीटरला पिवळे दिसले. पिवळं दिसलं की ते मारायला मीटर निळं वाढवतो. एका बोटीचे म्हणून सगळे सारखेच पिवळे पडले असतील.

पिवळं. मला पाट दिसला, करंगळी दिसली, पदराचं टोक दिसलं. स्क्रीन पिवळे नव्हतेच. मीटरच्या डोळ्यात माझा भंडारा होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण यांनी माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाले, “तुझाबी डोळा चांगला हाय की गं.” मी तोंड मिटलं.

सकाळी पूजेला बसले. रोज टाकांना भंडारा वाहते आणि उरलेला स्वतःच्या कपाळाला लावते. त्या दिवशी वाहिला, पण बोटाला लागलेला कपाळाला लावायचा धीर होईना. बोट तसंच धरून बसले. येळकोटही तोंडातून निघेना. खंडेनवमीला पूजेत केलेली चूक होती, ती देवानं माफ केली असती. पण खुर्चीत बसून ‘पांढरंच हाय की’ म्हटलं ते चूक नव्हतं. त्या निळ्या पाण्यावर भरवसा ठेवून कुणीतरी बोट नेणार होतं. आणि त्याखाली माझी सही होती.

बाहेर ईरण्णाचा टेम्पो आला. त्यानं खोकी उचलायला सुरुवात केली, यांच्याशी कानडीमराठी मिसळून चेष्टा चालली होती. सहा खोकी चढली असतील. फाटकातून रोहिणी आली. हातात घडी केलेला, धुतलेला राखाडी कोट आणि खोलीची तिच्याकडची किल्ली. उमरग्याच्या दुकानाला फोन केलाय, सोमवारपासून तिकडंच येते म्हणून सांगितलंय, असं ती यांना म्हणाली. यांनी किल्ली खिशात टाकली.

मग ती ओट्यापाशी आली. मी उभीच होते, बोट पिवळं तसंच.

“वहिनी, तुम्हाला खरंच पांढरं दिसलं का?”

आवाजात राग नव्हता. असता तर मी निभावून नेलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. रात्रभर तिनं स्वतःच्या डोळ्यावर शंका घेतली होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या डोळ्यावर, जो तिच्याकडं एकुलता एक होता.

मी म्हटलं, “न्हाय. निळं दिसलं. नीळ जास्त झाल्यावानी.”

ईरण्णा खोकं धरून थांबला. हे माझ्याकडं वळले. मग मी सगळं सांगितलं, पाट, भंडारा, पदर, सगळं. सांगताना यांच्याकडं बघितलं नाही, तिच्याकडंही नाही. ईरण्णाच्या पायातल्या चपलांकडं बघत होते.

हे आत गेले. रोहिणी मागोमाग. मीटर उजेडात आणला, टॉर्च मारून आत बघितलं, मऊ कापडावर दवाईचा एक थेंब घेऊन काच पुसली. कापडावर फिकट पिवळा डाग आला, मोहरीएवढा. तो डाग यांनी नुसता माझ्यापुढं धरला. शब्दांचं मला एवढं वाटलं नसतं.

ईरण्णानं सहा खोकी परत उतरवली. जाताना तो यांना म्हणाला, देवाचं असतंय मालक, देवाला कसं बोलायचं. मी आत स्वयंपाकघरात होते, पण ते मला ऐकवण्यासाठीच होतं.

रोहिणी थांबली. कोट घातला आणि आठही स्क्रीन पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली. स्क्रीन तापायलाच अर्धा तास लागतो, मग दिवसाचे रंग, तिन्हीसांजेचे, रात्रीचे. दुपारी मी चहा घेऊन गेले. तिनं कप घेतला आणि विचारलं, भंडाऱ्याचं कधी कळलं तुम्हाला? मी म्हटलं, काल जेवताना. तिनं मनाशी हिशेब केला. मग म्हणाली, “म्हणजे खुर्चीवर बसला तेव्हा म्हाईत नव्हतं. तरीबी पांढरं म्हणालात.”

मला वाटलं होतं, भंडाऱ्याच्या मागं ते लपून जाईल. तिच्या डोळ्यापासून काही लपत नाही.

तीन दिवसांनी ईरण्णा पुन्हा आला आणि खोकी गेली. या वेळी डोळ्याची सही तिचीच होती. माझ्या सहीचे आठ कागद यांनी फाडायला घेतले. सात फाडले, तेवढ्यात मुंबईचा फोन आला. आठवा मी टेबलावरून उचलला. तो माझ्या वहीत आहे.

ती मुंबईला गेली. संघपाल सोडायला गेला होता सोलापूरपर्यंत. पंधरा दिवस गोदीत राहिली. तिथून तिनं यांना फोन केला तेव्हा यांनी आवाज मोठा करून मलाही ऐकवला. म्हणत होती, बोटीवर चढताना भीती वाटली, पण वर गेल्यावर स्क्रीन आपलेच दिसले, आपण लावलेले. खिडकीतून खरा समुद्र बघितला, तर तो पांढराही नव्हता आणि निळाही नव्हता. मातकट होता, माकणीच्या धरणासारखा. हे पोट धरून हसले. मी भांडी घासायला गेले. मी समुद्र पाहिलेला नाही आणि माझ्या घरामागच्या खोलीत बसून नकाशातला समुद्र पाहणारी बाई तो बघून आली, हे पोटात अजून जळतं. देवापुढं रोज सांगते की काढून घे. तो घेत नाही. कदाचित तेवढ्यासाठीच त्याचं माझं रोज बोलणं होतं.

पुन्हा आत मला कुणी बोलावलं नाही. मीही उंबऱ्यावरच थांबते. पण एक झालंय. हे जेवताना कधीतरी दोन वाक्यं कामाची बोलतात, आणि मी विचारलं तर ‘तुला न्हाय कळायचं’ म्हणत नाहीत. कळतं हे त्यांना कळलंय. कसं कळलं, ते आम्ही दोघंही काढत नाही.

या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी रोहिणी रजेवर जाण्याआधी पाट मांडून गेली. स्वतः. ज्या बाईच्या घरी हत्यारांना हात जोडत नाहीत, तिनं पक्कड, स्क्रूड्रायव्हर, तारा ओळीनं लावून ठेवल्या, आणि मधोमध एक मीटर. मी जवळ जाऊन बघितलं तर तो यांचा बोटीवरचा जुना, केव्हाच बंद पडलेला. खरा कपाटात कुलुपात होता आणि कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये.

पायात चप्पल घालत ती म्हणाली, “ह्याला लावा भंडारा, वहिनी. कितीबी लावा.”

मला राग आला. रात्रीपर्यंत राग होता, वहीतही तो लिहिलाय. सकाळी आंघोळ करून पाटापुढं बसले. करंगळी बुडवली आणि त्या बंद डोळ्याला भरपूर भंडारा लावला, काच पुरती पिवळी होईपर्यंत. मग आतून वही आणली, ज्या पानात तो आठवा कागद आहे ते उघडलं आणि पाटावर मीटरशेजारी ठेवली. उरलेला भंडारा तिथं लावला, माझ्या सहीवर.